मी स्वतःच पडतो

तेहेतीस वर्षं काका सरांच्या हातून पडत आले होते. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी आणि रविवारी सकाळी. डावीकडे, उजवीकडे, पाठीवर, कधी खांद्यावरून कोलांटी घेऊन. नवा डाव शिकवायचा असला की सर मॅटच्या मधोमध येऊन उभे राहायचे, नुसती नजर टाकायचे आणि काका उठून त्यांचं मनगट धरायला जायचे. पुढच्या क्षणी काका आडवे झालेले असायचे आणि सर पोरांना विचारत असायचे, "जोर कुठे लावला, दिसलं का कुणाला? नाही ना? कारण लावलाच नाही." पोरं काकांना गादीकाका म्हणायची. काकूंना ते नाव अजिबात खपायचं नाही. काका मात्र म्हणायचे, "अगं, गादी नसेल तर माणसं पडणार कुठे?"

दिवसा काका एका कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. दीडशे मशिनींची रांग. धागा तुटायला लागला, टाका सुटायला लागला, की तिथल्या बाया हात वर करायच्या आणि काका खिशातला स्क्रूड्रायव्हर काढत चालू लागायचे. निम्म्या वेळा ते मशीन उघडायच्या आधीच, आवाजावरून, काय बिघडलंय ते सांगायचे. बोलणं मोजकं. विचारलं तेवढं सांगायचं आणि खरं ते सांगायचं, एवढाच त्यांचा बाणा.

सर त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे. सरकारी कचेरीत पुलांचे नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. बायको गेलेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. त्यांचा वर्ग एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर भरायचा. खाली यंत्र सुरू झालं की वरची जमीन पायाला गुदगुल्या केल्यासारखी थरथरायची. भिंतीला लोखंडी कपाट, दाराशी चपलांचा ढीग, कोपऱ्यात एक बेसिन, ज्याचा नळ कायम गळायचा. सर पहिलं अख्खं वर्ष फक्त पडायला शिकवायचे. "मारायला कुणीही शिकवील," ते म्हणायचे, "मी तुम्हाला न मोडता उठायला शिकवतो." त्यांच्याकडे शाळकरी पोरं यायची, एक नर्स यायची, दोन निवृत्त मास्तर यायचे. सत्तरी गाठलेल्या एका आजीबाई तर केवळ न्हाणीघरात पाय घसरला तर काय करायचं, एवढंच शिकायला यायच्या.

अशा ठिकाणी टीव्हीवाले आले.

एका वाहिनीची मालिका होती. देशोदेशींच्या लढायच्या विद्या, दर भागात एक. एक तरुण दिग्दर्शिका, दोन कॅमेरावाले आणि एक धिप्पाड निवेदक. हा निवेदक प्रत्येक भागात ती ती विद्या स्वतः अंगावर घेऊन बघायचा. दिग्दर्शिका मुलगी गोड बोलणारी होती. जिना चढून आली, हॉलभर नजर फिरवली आणि तिचा चेहरा जरा पडला.

"सर, हे ट्यूबलाइट बंद करता येतील?"

"येतील की. पण मग दिसणार कसं?"

"आम्ही दिवे लावू."

त्यांनी खरंच दिवे लावले. पितळी, तेलाचे, कुठून तरी भाड्याने आणलेले. एका यंत्रातून धूर सोडला. लोखंडी कपाटावर काळा पडदा टाकला. दुसऱ्या दिवशी पहाटे सरांना खिडकीकडे तोंड करून, मांडी घालून, डोळे मिटून बसायला सांगितलं.

"मी असा कधी बसत नाही," सर म्हणाले. "माझे गुडघे दुखतात. आणि या वेळी मी दूध आणायला जातो."

सगळे हसले. सरही हसले आणि बसले. काका उठवायला गेले तेव्हा सरांना दोन मिनिटं पाय सरळ करता येईनात. कानाशी पुटपुटले, "बघ रे, मुनी व्हायचं म्हणजे किती त्रास."

पाहुण्याचा मान राखायचा म्हणून सर हे सगळं करत होते. मनातून त्यांना आनंदही झाला होता. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांची विद्या लोकांपुढे न्यायला निघालं होतं. त्यांनी पांढरा पोशाख दोनदा इस्त्री करून घेतला होता. मुलीला फोन करून वेळ, वार, वाहिनी सगळं कळवलं होतं.

दुपारी निवेदकाची पाळी आली. शंभर किलोंच्या वर वजन, मान खांद्यात रुतलेली. तो मॅटवर उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मला पाडून दाखवा. मी विरोध करणार."

सरांनी त्याला आधी पडणं शिकवतो म्हणून सांगितलं. दिग्दर्शिका म्हणाली, तेवढा वेळ नाही. सरांनी एकदा काकांकडे बघितलं, मग निवेदकाचं मनगट धरलं आणि वळले. निवेदक लाकडासारखा ताठ झाला. काका दिव्यांच्या मागे उभे होते. त्यांच्या बाजूने निवेदकाची रुंद पाठ आड येत होती, हात दिसत नव्हते. क्षणभर दोघंही थांबल्यासारखे झाले. मग सर मोकळ्या हाताने बाजूला आलेले दिसले आणि निवेदक जागच्या जागी उभा.

"सोडला," सर म्हणाले. "याला पडता येत नाही. पुढे गेलो असतो तर कोपर निखळलं असतं."

निवेदक नम्रपणे हसला. कॅमेरा चालू होता.

शेवटी काकांची मुलाखत झाली. काळ्या पडद्यापुढे स्टुलावर बसवलं, शर्टाला छोटा माईक लावला. काकांच्या तळहाताला घाम सुटला होता. दिग्दर्शिकेने विचारलं, "सर तुम्हाला फेकतात, तेव्हा तुम्ही पडता की ते पाडतात?"

"मी स्वतःच पडतो," काका म्हणाले. खरं ते सांगायचं, म्हणून सांगितलं. मग पुढेही बरंच बोलले. एवढं आपण कधी बोललो होतो, हे त्यांना आठवेना. घरी आल्यावर काकूंना म्हणाले, "आज माझं वर्षभराचं बोलणं झालं."

तीन महिन्यांनी तो भाग लागला. रविवारची सकाळ होती. नर्सने घरचा टीव्ही हॉलवर आणला होता. तीस-पस्तीस माणसं मॅटवर दाटीवाटीने बसली होती. आजीबाईंना खुर्ची दिली होती. सर इस्त्रीच्या पोशाखात पुढे.

सुरुवात झाली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. धुरात बसलेले सर, गंभीर संगीत आणि एक जाड आवाज: अंधाऱ्या खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली एक गूढ विद्या. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "पिढ्या कुठल्या, वर्ग तर आमच्या जन्मानंतर सुरू झाला." हशा पिकला. मग तोच आवाज म्हणाला, "पण ही विद्या आहे, की नाटक?"

हशा थांबला.

निवेदक आणि सर दिसले. सगळं अगदी संथ केलेलं. सर वळतात, निवेदक हलत नाही, सर बाजूला होतात. निवेदकाचा शांत, जरासा कीव केल्यासारखा चेहरा पडदाभर. "सोडला" हा शब्द नव्हता. कोपराचं बोलणं नव्हतं. त्यानंतर एकदम काकांचा चेहरा आला, घामेजलेला, चोरी पकडल्यासारखा.

"मी स्वतःच पडतो."

आणि पडदा काळा झाला. जाहिराती लागल्या.

काकांनी मान खाली घातली ती वर केली नाही. पुढचं काही त्यांनी पाहिलं नाही. मॅटची शिवण एके ठिकाणी उसवली होती, तिच्याकडे ते बघत राहिले. भाग संपल्यावर सर उठले, टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "मंगळवारी वर्ग नेहमीच्या वेळेला."

मंगळवारी बाराजण आले. पुढच्या आठवड्यात नऊ. शाळकरी पोरांच्या आयांनी परीक्षेचं कारण सांगितलं. कारखान्यात बाया काही बोलल्या नाहीत, पण कापड कापणारे दोघंजण काका जवळून गेले की हात लावायच्या आधीच "आई गं" म्हणून गठ्ठ्यांवर कोसळायचे. काका स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे जायचे.

ते सोसलं त्यांनी. न सोसण्यासारखं वेगळंच होतं. त्या मंगळवारी सर मॅटच्या मधोमध उभे राहिले. सवयीने काका अर्धे उठले. सरांची नजर त्यांच्यावरून पुढे गेली आणि नर्सवर थांबली.

"तू ये गं," सर म्हणाले. मग काकांकडे न बघता, "तू बस आज. गुडघ्याला आराम दे."

काकांचा गुडघा ठणठणीत होता. दुखायचे ते सरांचे.

पुढच्या वेळीही नर्स. त्याच्या पुढच्या वेळीही. महिनाभराने, सगळे गेल्यावर, काका मॅट गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "सर, मी पुढेही बोललो होतो. त्यांनी कापलं."

सर बेसिनपाशी हात धूत होते. "हो, बोलला असशील," ते म्हणाले.

बोलला असशील. काका घरी येईपर्यंत तो एक शब्द तोंडात घोळवत होते. 'बोललास' नाही, 'असशील'. तेहेतीस वर्षांत सरांनी त्यांच्याशी अंदाजाने बोलण्याची ही पहिलीच खेप.

काकूंनी ताट वाढलं, काका जेवले नाहीत. काकू म्हणाल्या, "अहो, मग जा ना त्यांच्याकडे. तुमचं बोलणं त्यांच्याकडे असेलच की. मागून आणा."

काकांनी आयुष्यात कुठे जाऊन काही मागितलं नव्हतं. तरी सुट्टी टाकून गेले. दोन बस बदलून, काचेच्या दाराच्या एका इमारतीत. दिग्दर्शिकेने त्यांना लगेच ओळखलं आणि तिचा चेहरा उतरला. तिने चहा मागवला. टेबलावर पुठ्ठ्यांचे कप, वायरींचं जंजाळ, भिंतीवर पुढच्या भागांच्या चिठ्ठ्या.

"काका, वाहिनीला प्रश्न हवा असतो," ती म्हणाली. "नुसतं चांगलं चांगलं दाखवलं तर लोक बघत नाहीत."

"मी तक्रार करायला नाही आलो," काका म्हणाले. "मी काय बोललो होतो, तेवढंच बघायचंय."

तिने शोधून लावलं. अकरा मिनिटं. काकांनी स्वतःला पहिल्यांदाच असं बोलताना पाहिलं.

मी स्वतःच पडतो, पडद्यावरचे काका म्हणत होते, कारण नाही पडलो तर मनगट जाईल. ते दार उघडतात, बाहेर पडायचं की भिंतीवर आपटायचं, हे माझ्यावर असतं. म्हणून तर ते आधी पडायला शिकवतात. तेहेतीस वर्षांत मला एकदाही लागलं नाही, ताई. मी पडतो तेव्हा त्यांचा हात शेवटपर्यंत माझ्या बाहीला धरून असतो, डोकं आपटू नये म्हणून. माझे वडील लहानपणी गेले. मला कुणी असं धरलेलं नव्हतं.

एवढं आपण बोलून गेलो होतो, हे काकांना ठाऊक नव्हतं. दिग्दर्शिका दुसरीकडे बघत होती. "हे मला ठेवायचं होतं," ती म्हणाली.

ते बाहेर देता येत नाही, परवानगी लागते, असं ती म्हणाली. परवानगी आली नाही. पण दीड महिन्याने काकांच्या नावाने पाकीट आलं, आत चिठ्ठी नाही, काही नाही, एक पेनड्राइव्ह.

तोवर वर्ग बंद झाला होता. चारच माणसं उरली तेव्हा सरांनी हॉल सोडला. त्यानंतर पंधरा दिवसांत त्यांना पक्षाघाताचा हलका झटका आला आणि मुलगी त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. हे काकांना नर्सकडून कळलं.

काका गेले. मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, खिडकीसमोर पाण्याची टाकी. सर खुर्चीत बसले होते, डावा हात मांडीवर ठेवलेला, परक्याचा ठेवावा तसा. काकांना बघून हसले. "ये. केवढा वाळलास."

मुलीने टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. सरांनी अकरा मिनिटं नजर पडद्यावरून हलवली नाही. संपल्यावर म्हणाले, "एवढं बोलतोस तू? मला कधी बोलला नाहीस."

"वेळ कुठे आली, सर."

मुलगी डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. काकांना वाटलं, झालं, मिटलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं त्यांना. तेवढ्यात सर म्हणाले, "तुझ्यावर राग नव्हता रे माझा. पहिले दोन दिवस असेल. नंतर नाही."

"मग मला उठवत का नव्हतात?"

सरांनी मांडीवरचा डावा हात उजव्याने सरळ केला. "त्या दांडग्याचा हात मी सोडला, की सुटला?"

"सोडलात. तुम्ही तिथल्या तिथे सांगितलंत."

"सांगितलं खरं. पण मला आता ते आठवत नाही. टीव्हीवर दाखवलं तेच आठवतं. डोळे मिटले की मी वळतो, तो हलत नाही, मी बाजूला होतो. माझ्या हाताला काय वाटलं होतं, ते पुसून गेलंय. त्यांचं तेवढं राहिलंय." ते थांबले. "आणि मग वाटायला लागलं, तू पडणार, ती नर्स पडणार, सगळ्यांना मीच पडायला शिकवलं. न शिकवलेला एकच माणूस माझ्यापुढे आला जन्मात, आणि तो उभा राहिला. तुला कसा उठवणार? तुझ्यावरून मला काय कळणार होतं?"

काका उठून खुर्चीजवळ आले.

"धर," सर म्हणाले आणि उजवा हात पुढे केला. "धर मनगट. आणि आज पडू नकोस. माझी शपथ आहे, पडायचं नाही."

काकांनी खुर्चीसमोर उभं राहून मनगट धरलं. हाडांवर नुसती कातडी राहिली होती. सर बसल्या बसल्या वळले, जेमतेम चार बोटं. काकांनी पाय रोवले, श्वास रोखला, ताठ व्हायचं ठरवलं. आणि त्यांचा गुडघा वाकला, खांदा खाली गेला, ते फरशीवर बसले.

सर पुढे वाकले.

"खरं सांग," सर म्हणाले. "मी पाडलं?"

हो म्हणायला काय जात होतं, हे काका नंतर स्वतःला कितीदा तरी विचारणार होते. तेव्हा मात्र ते म्हणाले, "मला कळलं नाही, सर. अंगाला सवय आहे."

सरांनी मान डोलावली, कितीतरी वेळ. "तू खोटं नाही बोलणार," ते म्हणाले, आणि मुलीला चहा टाकायला सांगितलं. जाताना काकांनी पायांना हात लावला तर सरांनी तो धरून ठेवला.

त्यानंतर चार महिन्यांनी, एका दुपारी, तो भाग पुन्हा लागला. काकूंनी चटकन रिमोट उचलला. "असू दे," काका म्हणाले. त्यांना सर चालताना, उभे राहताना बघायचे होते. डावा हात हलत होता तेव्हाचे.

धूर आला, जाड आवाज आला. मग तो संथ केलेला तुकडा. हा कॅमेरा पलीकडच्या बाजूने होता आणि निवेदकाची पाठ आड येत नव्हती. या वेळी काकांनी चेहऱ्यांकडे पाहिलंच नाही. मशीन बघावी तसे हात पाहिले.

ते पुढे सरकून बसले.

पकड निसटते तेव्हा बोटं शेवटपर्यंत ओढली जातात, कातडीवरून घासत येतात. सरांचा अंगठा आधी उघडला होता. सावकाश, आपण होऊन. मग बोटं. आणि त्याच क्षणी दुसरा हात खालून येऊन निवेदकाच्या कोपराखाली गेला होता, हिसका बसू नये म्हणून. मूल झोपल्यावर हात काढून घ्यावा तसा सरांनी हात काढून घेतला होता. निवेदकाची टाच जमिनीवरून उचललेली होती. तो तेव्हाच पडला होता, त्याला ठाऊक नव्हतं इतकंच. हे सगळं सगळ्या लोकांना दाखवलं होतं, अगदी संथ करून, आणि कुणी पाहिलं नव्हतं. काकांनीही नाही, कारण तेव्हा ते चेहरे बघत होते.

"काय झालं हो?" काकू म्हणाल्या. काका चपला शोधत होते.

मुलीला फोन लावला तर तिचा आवाज बसलेला होता. दोन दिवसांपूर्वी सरांना दुसरा झटका आला होता, मोठा. ते इस्पितळात होते. मीच तुम्हाला फोन करणार होते, ती म्हणाली.

काका पोहोचले तेव्हा भेटीची वेळ संपत आली होती. सहा खाटांची खोली. सरांचे डोळे अर्धे उघडे, पण कुठेच लागलेले नव्हते. काकांनी स्टूल ओढलं, त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि कानाशी वाकले.

"सर, अंगठा आधी उघडला. मी पाहिलं. तुम्ही सोडलात. डावा हात कोपराखाली होता. त्याची टाच उचललेली होती, सर. तुम्ही सोडलात."

त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. मग अजून एकदा, हळू. सरांचा श्वास चालला होता तसाच चालू राहिला. हात गरम होता, पण त्यात काही नव्हतं. शेजारच्या खाटेवरचा माणूस कूस बदलून त्यांच्याकडे बघू लागला. वॉर्डातल्या सिस्टरनी वेळ झाल्याचं सांगितलं. काका उठले नाहीत, तेव्हा सिस्टरनी पुन्हा एकदा सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सर गेले. निरोपाला वर्गातले सात-आठजण आले. आजीबाई नातवाचा हात धरून आल्या होत्या. वाहिनीकडून कुणी आलं नाही. त्यांना कुणी कळवलंही नव्हतं.

सगळं आटोपल्यावर मुलगी काकांना बसथांब्यापर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, "काका, शेवटी शेवटी बाबा एकच विचारायचे. सोडला की सुटला. मला काही कळायचं नाही, मी आपली म्हणायचे, सोडलात बाबा. तुम्ही त्या दिवशी कानात सांगत होतात ना, ते त्यांच्यापर्यंत पोहोचलं असेल का हो?"

बस येताना दिसत होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं.

"पोहोचलं," ते म्हणाले.

"कशावरून?"

"माझा हात दाबला त्यांनी. दोनदा."

मुलीने तोंडावर हात ठेवला आणि ती रडली, पण तिचे खांदे सैल झाले. काका बसमध्ये चढले. खिडकीची जागा मिळाली. बस सुटल्यावर त्यांनी उजवा हात मांडीवर उघडा ठेवला आणि घर येईपर्यंत तो मिटला नाही.